पाट फुटतो तेव्हा

पावसाळा सरला की आमच्या एडवणच्या वाड्यांतून पहिले काम निघते ते पाट नीट करण्याचे. चार महिने पावसाच्या पाण्यावर पोसलेली केळी आणि पानवेली आता विहिरीच्या पाण्यावर यायच्या असतात. रहाट गेले, विजेचे पंप आले. पण विहिरीपासून शेवटच्या आळ्यापर्यंत पाणी पोचवायचे ते पाटानेच. या पाटाचे खरे वैरी म्हणजे खेकडे. ते बांधाला आतून भोक पाडतात. वरून पाहावे तर पाट तुडुंब भरलेला, आणि पाणी मात्र बांधाच्या पोटातून भलतीकडे चाललेले. पलीकडच्या टोकाची वेल मान टाकते तेव्हा कुठे मालकाला कळते.

माझा मामेभाऊ या कामात मोठा वाकबगार. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी आठ दिवसांवर आली असता, तो असाच पाट नीट करीत होता. एकाएकी हातातली कुदळ टाकून तो मटकन खाली बसला. मी पलीकडच्या बांधावर होतो. धावत गेलो तर तो म्हणाला, “मास्तर, पाठीत कुणीतरी कोयता घालून खालपर्यंत ओढला रे!”

दिवाळीच्या फराळाशेजारी हा विषय काढल्याबद्दल वाचक मंडळींनी क्षमा करावी. पण त्या कोयत्याचा मला पुढे दोन वर्षे माग काढावा लागला, आणि तो माग मला पोलंडच्या एका राजापर्यंत घेऊन गेला. मी मुलांना मराठी आणि इतिहास शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि माझी स्वतःची मजल मॅट्रिकपर्यंतची. तेव्हा वैद्यकात मी काही नवे सांगेन ही अपेक्षा नको. मी इतिहास सांगणार आहे, आणि तोही आमच्या घराला लागू पडला तेवढाच.

पहिल्या दवाखान्यात त्याला हृदयविकाराचा झटका म्हणून धरले आणि रक्त पातळ करणारे औषध देण्याची तयारी चालवली. सुदैवाने तिथल्या एका तरुण डॉक्टरच्या मनात काय आले कोण जाणे, त्याने दोन्ही हातांचा रक्तदाब मोजला. दोहोंत बरेच अंतर निघाले. “हे हृदयाचं नाही, मुंबईला न्या,” एवढेच तो बोलला. ॲम्ब्युलन्स सफाळ्यावरून तांदुळवाडीचा घाट ओलांडून वरई फाट्याशी महामार्गाला लागली तेव्हा काळोख पडला होता. वहिनी त्याचे पाय धरून बसल्या होत्या. पाय गार पडत चालल्याचे त्या मला डोळ्यांनी सांगत होत्या.

मुंबईच्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला आणि निदान कळले: महाधमनी दुभंगली. हृदयातून निघून, छातीत कमान घेऊन, पाठीच्या कण्यालगत पोटात उतरणारी जी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, ती महाधमनी. तिच्या भिंतीला तीन पदर असतात. आतल्या पदराला चीर पडली की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्त त्या चिरेतून भिंतीच्या पोटात शिरते आणि पदर उसवत खाली जाते. मग एका नळीत दोन वाटा होतात, एक खरी आणि एक खोटी. खोटी फुगते, खरी चेपते. आणि खऱ्या वाटेवर ज्यांचे पोट अवलंबून, ती आतडी, मूत्रपिंडे, पाय, उपाशी राहू लागतात. मला आमचा बांध आणि खेकडा आठवला. डॉक्टरांना तसे सांगितले तर ते म्हणाले, “उपमा बरोबर आहे. आता सांगा, घरात किडनीचा आजार कुणाला होता?”

हा प्रश्न आमच्या घरात सहसा कुणी विचारीत नसे. आजोबा अंगावर सूज येऊन गेले. थोरले मामा दोन वर्षे डायलिसिसवर काढून गेले. माझी आई त्या दोघांसारखी गेली नाही. ती अडतिसाव्या वर्षी डोक्यात रक्तस्राव होऊन एका दुपारी गेली, तेव्हा मी नववीत होतो. गावात याचे एक स्पष्टीकरण होते. आजोबांनी म्हणे भावकीच्या भांडणात दुसऱ्याच्या वाडीचे पाणी तोडले, म्हणून त्यांच्या वंशाच्या पोटात पाणी साठते! मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होतात हे कुणा शहाण्याने सोनोग्राफीनंतर सांगितले असावे, आणि शापाची गोष्ट त्यावर बेतली गेली असावी. आशापुरीच्या देवळात या शापाच्या निवारणासाठी आईने किती नवस बोलले ते तिचे तिलाच ठाऊक.

तर आता तो पोलंडचा राजा. स्तेफान बाथोरी त्याचे नाव. ट्रान्सिल्व्हेनियाचा हा सरदार १५७६ साली पोलंडच्या गादीवर बसला आणि रशियाच्या उग्र इव्हानला त्याने रणात जेरीस आणले. त्या काळी आमचा हा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. डिसेंबर १५८६ मध्ये ग्रोड्नो येथे, थोड्याच दिवसांच्या आजाराने, १२ तारखेला बाथोरी वारला. वय त्रेपन्न. त्याच्या उशाशी दोन इटालियन राजवैद्य होते, बुचेल्ला आणि सिमोनियस. त्यांची आजाराच्या निदानावरून अशी जुंपली, की राजा गेल्यावरही भांडण छापील कागदावर चालूच राहिले. आमच्या मामांच्या वेळी दोन डॉक्टर आणि एक भगत यांच्यात झालेली हमरीतुमरी मी पाहिली आहे. तेव्हा राजवाड्यातले हे दृश्य मला परके वाटत नाही.

पण त्या भांडणात एक माणूस निमूटपणे आपले काम करून गेला. झिगुलिट्झ नावाच्या शस्त्रवैद्याने राजाचे शव उघडले आणि जे दिसले ते नोंदवले: मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी, आणि पृष्ठभाग उंचसखल. त्याला अर्थ कळला नाही. कळणे शक्यही नव्हते. तरी त्याने तो सोडला नाही. आज मूत्रपिंडांचे अनेक जाणकार म्हणतात, की हे बहुपुटी मूत्रपिंडाच्या वंशागत आजाराचे जुन्यातले जुने वर्णन असावे. मामांच्या सोनोग्राफीच्या कागदावर दोन्ही मूत्रपिंडांची लांबी लिहिली होती. साधारण मूत्रपिंड दहा-अकरा सेंटिमीटरचे. मामांचे एक वीस आणि दुसरे एकवीस. बैलाची उपमा मला तेव्हाच सुचायला हवी होती.

या आजाराला बहुपुटी मूत्रपिंड हे नाव मिळाले ते १८८८ साली, पॅरिसच्या फेलिक्स लेजार्सकडून. म्हणजे झिगुलिट्झच्या नोंदीनंतर तीनशे वर्षांनी.

दुसरा राजा इंग्लंडचा, दुसरा जॉर्ज. २५ ऑक्टोबर १७६० रोजी केन्सिंग्टनच्या वाड्यात तो सकाळी सहाला उठला, नेहमीप्रमाणे चॉकलेटचा पेला घेतला आणि शौचास गेला. सेवकाला पडल्याचा आवाज आला. आत जाऊन पाहतो तो राजा जमिनीवर, आणि थोड्याच वेळात सारे संपले. वय शहात्तर. याच ऑक्टोबरात तिकडे उत्तरेत सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा जिंकला होता आणि अब्दाली यमुना ओलांडत होता. इतिहासाच्या तासाला मी पानिपत बत्तीस वेळा तरी शिकवले असेल. पण त्याच पंधरवड्यात इंग्लंडच्या राजाच्या छातीत काय फुटले, हे मला मामेभावाच्या दुखण्याने शिकवले.

फ्रँक निकोल्स या राजवैद्याने शव तपासले. हृदयावरच्या पिशवीत सुमारे अर्धा लीटर गोठलेले रक्त होते, आणि महाधमनीच्या आतल्या अंगाला दीड इंचाची आडवी चीर. तिच्यातून रक्त बाहेरच्या पदराखाली शिरले होते. निकोल्सने हे इतके नेटके लिहून ठेवले, की दुभंगलेल्या महाधमनीची ती एक आद्य नोंद मानली जाते. पुढे १८०२ साली जिनिव्हाच्या मोन्वारने या उसवण्याला ‘दुभंग’ या अर्थाचा शब्द वापरला आणि स्टेथोस्कोपवाल्या लाएनेकने १८१९ मध्ये तो रूढ केला. नाव मिळाले, उपाय मिळाला नाही. एक राजा मूत्रपिंडांनी गेला, दुसरा महाधमनीने; दोन्ही आजार एकाच देहात एकाच मुळापासून उगवू शकतात, ही गोष्ट कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

उपाय आला तो शिवणयंत्रावरून. मायकेल डिबेकी हे अमेरिकेतील लुइझियानाचे. आईवडील लेबनॉनहून आलेले. आईने मुलाला लहानपणीच शिवणकाम शिकवले होते. १९५० नंतरच्या त्या वर्षांत डिबेकी ह्यूस्टनला शल्यचिकित्सक होते आणि फाटक्या धमनीला जोडण्यासाठी कृत्रिम नळीच्या शोधात होते. ते स्वतः सांगत, की आपण दुकानात नायलॉन आणायला गेलो, नायलॉन संपले होते, तेव्हा विक्रेत्याने डेक्रॉन नावाचे नवे कापड दाखवले. ते घरी नेऊन त्यांनी पत्नीच्या यंत्रावर नळ्या शिवल्या. नायलॉन पुढे शरीरात टिकेना, डेक्रॉन टिकले. १९५४ साली दुभंगलेल्या महाधमनीवर त्यांची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि १९५५ मध्ये ती जगापुढे आली.

याच डिबेकींच्या बाबतीत दैवाने एक विलक्षण गोष्ट केली. ३१ डिसेंबर २००५ रोजी, सत्त्याण्णव वर्षांचे डिबेकी घरी एकटे व्याख्यानाची तयारी करीत असता त्यांच्या छातीत कळ आली. आपली महाधमनी दुभंगली आहे, हे जगात त्यांच्याइतके लवकर कोण ओळखणार? त्यांनी ओळखले, आणि शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितले. पाच-सहा आठवड्यांत ते बेशुद्धीच्या काठाला पोचले. भूल देणारे कचरले. या वयात, आणि रुग्णाने नको म्हटले असता, सुरी लावावी की नाही यावर रुग्णालयाची नीतिसमिती रात्री विचार करीत बसली. पत्नी कात्रिन त्या बैठकीतच शिरल्या. ९ फेब्रुवारी २००६ ला शस्त्रक्रिया झाली. करणारे त्यांचेच सहकारी, पद्धत त्यांचीच, नळी डेक्रॉनची. नंतर कित्येक आठवडे त्यांना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले, मूत्रपिंडांसाठी डायलिसिसही लागला. पण ते उठले, चालले, आणि आपल्याला न विचारता निर्णय घेणाऱ्यांचे त्यांनी आभार मानले. ११ जुलै २००८ रोजी, नव्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

रुग्णालयाच्या बाकावर बसून मी ही हकीकत फोनवर वाचली तेव्हा मला त्यातली डायलिसिसची ओळ तेवढी दिसली. ज्याची मूत्रपिंडे धड होती त्यालाही ती लागली. मग आमच्या माणसाचे काय? त्याचे क्रिएटिनीन आधीच २.८ होते.

इथे मुंबईचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाववत नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांच्या चमूने १९६३ साली महाधमनी मध्यभागी अरुंद होण्याच्या विकारावर निबंध लिहिला. आणि १९६५ साली तिथेच मृत माणसाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवण्याचा या देशातला पहिला प्रयत्न झाला. रुग्ण जगला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरला जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसले. महाधमनी आणि मूत्रपिंड या दोहोंवर एकाच इमारतीत, एकाच माणसाने हात घातला होता. १९६८ साली त्याच सेनांनी तिथे हृदयही बदलून पाहिले. ही मंडळी आमच्या पाठ्यपुस्तकात का नाहीत, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. असो.

छाती उघडून नळी शिवायची, तर मध्यंतरी महाधमनी चिमट्यात बंद करावी लागते. तेवढा वेळ खालच्या अंगाला रक्त तोकडे पडते, आणि सर्वांत आधी रुसतात ती मूत्रपिंडे. म्हणून दुसरी वाट शोधली गेली, आतून जाण्याची. तिची सुरुवात केली एका वेड्या म्हणाव्या अशा जर्मन तरुणाने. १९२९ साली वेर्नर फोर्समन याने आपल्याच हाताची शीर कापून, मूत्रमार्गासाठी वापरायची नळी तीतून थेट हृदयापर्यंत सारली आणि तसाच चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला. त्याला १९५६ मध्ये नोबेल मिळाले. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगरने सुई, तार आणि नळी यांची सोपी युक्ती काढली, १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डॉटरने तुंबलेली धमनी आतूनच मोकळी केली. मग पाळी आली आतून अस्तर लावण्याची. १९८७ साली युक्रेनमधल्या खार्किव्हच्या निकोलाय व्होलोडोस यांनी छातीतल्या महाधमनीत ते लावले. पण लोखंडी पडद्यापलीकडची ही बातमी जगाला फार उशिरा कळली, आणि पहिलेपणाचा मान बराच काळ ब्वेनोस आयरेसच्या पारोदींकडे राहिला. त्यांनी १९९० साली पोटातल्या महाधमनीत हेच केले होते. दुभंगलेल्या महाधमनीसाठी हा इलाज चालतो, हे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डेक आणि जर्मनीतल्या नीनाबर यांनी दाखवले.

हे अस्तर कसे असते ते वहिनींना समजावताना मला आकाशकंदील आठवला. दिवाळीनंतर आपण तो मिटून माळ्यावर ठेवतो आणि पुढल्या वर्षी ओढला की फुलतो, तसे. कापडाची नळी, तिला निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारेचा सांगाडा. हा धातू आपला मूळ आकार लक्षात ठेवतो. थंड असता चेपून बारीक नळीत भरायचा, जांघेच्या धमनीतून वर न्यायचा, आणि जागेवर सोडला की अंगाच्या उबेने फुलून भिंतीला बिलगतो. चीर झाकली जाते. खोट्या वाटेचे पाणी तुटते, तिथले रक्त थिजते. खऱ्या वाटेला पुन्हा धार लागते.

“मग करा की लगेच,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून घेतले. चीर हृदयाजवळच्या भागात असती तर छाती उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. इथे ती डाव्या हाताची धमनी फुटते तिच्या पलीकडे होती, म्हणून आतली वाट शक्य होती. पण आत काय चालले आहे ते क्ष-किरणांत दिसण्यासाठी रक्तात आयोडीनचा रंग सोडावा लागतो, आणि तो रंग बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. दुबळ्या मूत्रपिंडांना तो रंगच बुडवू शकतो. पोटाच्या भागात रंगाऐवजी कार्बन डाय-ऑक्साईड वापरता येतो. छातीत तो वापरला तर बुडबुडा मेंदूत जाण्याची भीती. तेव्हा धमनीच्या आतूनच ध्वनिलहरींनी पाहायचे आणि रंग अगदी मोजूनमापून वापरायचा. शिवाय अस्तराने कण्याला रक्त देणाऱ्या बारीक शाखा झाकल्या गेल्या तर पाय कायमचे जाऊ शकतात. आणि काहीच केले नाही तर? डावे मूत्रपिंड आताच खोट्या वाटेमुळे उपाशी होते.

पहिले दोन दिवस औषधांनी रक्तदाब उतरवून पाहिले. पुष्कळांना तेवढ्याने भागते. तिसऱ्या दिवशी कळ परत आली आणि लघवी कमी झाली. अस्तराची किंमत लाखांच्या घरात होती. वाडीचा विहिरीकडचा अर्धा तुकडा गहाण पडला. सहीचा कागद वहिनींनी माझ्यापुढे सरकवला. “मास्तर, तुम्ही वाचा आणि सांगा.” मी वाचला. सगळी वाक्ये कळत होती. कांदबरीत मी माणसे सहज मारतो. त्या कागदावर मला ‘करा’ एवढा शब्द उच्चारायला पाव तास लागला.

नरकचतुर्दशीच्या सकाळी, गावात कारेटी फुटत असताना, त्याला आत नेले. अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “पाय हलवतोय.” मूत्रपिंडांनी आठ दिवस फार रडवले, पण डायलिसिसची वेळ आली नाही. आज तो तीन प्रकारच्या गोळ्या घेतो, दर वर्षी तपासणीला जातो, आणि बांधावर बसून गड्यांना पाट कसा बांधावा ते ओरडून सांगतो. कुदळ त्याला वर्ज्य आहे.

आता शापाकडे वळतो. या आजाराचे मूळ १६ व्या गुणसूत्रावर आहे हे १९८५ मध्ये कळले, आणि तिथले पीकेडी-१ हे जनुक १९९४ साली हाती आले. दुसरे, ४ थ्या गुणसूत्रावरचे, १९९६ मध्ये. त्या जनुकाच्या सूचनेवरून शरीर जे प्रथिन बनवते ते मूत्रपिंडांतच नव्हे, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असते. म्हणून मूत्रपिंडांत गाठी होतात, रक्तदाब चढतो, आणि काहींच्या मेंदूतल्या धमनीला फुगा येतो. महाधमनी दुभंगणे त्या मानाने विरळा, पण होते. हजारामागे साधारण एका माणसाला हा आजार असतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी भीती, मुलगा असो की मुलगी. डॉक्टर हे सांगत होते आणि मला माझ्या आईची ती दुपार दिसत होती. तिची कधी तपासणी झालीच नाही. पण आजोबा, मामा, मामेभाऊ आणि मध्ये ती, डोक्यात रक्तस्राव होऊन गेलेली.

म्हणजे नाणे माझ्यासाठीही उडवले गेले होते, आणि मी सेहेचाळीस वर्षे ते मुठीत झाकून बसलो होतो.

मी लगेच तपासणीला गेलो असे लिहायला बरे वाटले असते. मी दीड वर्ष घालवले. परीक्षा आहेत, कादंबरी छपाईला आहे, पाऊस आहे. शेवटी मामेभावाची मुलगी घरी आली. बावीस वर्षांची आहे, बोईसरला एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी करते. म्हणाली, “काका, मला एकटीला जायची भीती वाटते. तुम्ही चला.” वहिनींना सांगायचे नाही असे ठरले, तिचे लग्न ठरायचे आहे आणि गावाला कान फार.

गेल्या ज्येष्ठात आम्ही सफाळ्याहून गाडीने गेलो. आधी मी टेबलावर झोपलो. ते थंडगार औषध पोटावर फिरत असताना मी छताकडे पाहत बाथोरीच्या राज्यारोहणाचे साल आठवीत होतो आणि ते काही केल्या आठवत नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “स्वच्छ आहेत हो दोन्ही. या वयात दिसत नाहीत म्हणजे नाहीतच.” मग ती आत गेली. तिला बराच वेळ लागला.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. उजवीकडे सात, डावीकडे पाच. मूत्रपिंडे अजून मोठी झालेली नाहीत, काम उत्तम आहे. गाठींची वाढ मंदावणारे औषध आहे, जपानने २०१४ साली आणि अमेरिकेने २०१८ मध्ये ते मान्य केले. तिला ते आत्ता लागणार नाही, असे पुढे मूत्रपिंडांच्या तज्ज्ञांनी सांगितले. रक्तदाब मात्र चढू द्यायचा नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. वैतरणेच्या पुलावर ती म्हणाली, “काका, त्या राजाला कळलं असतं तर तो लढाईला गेला असता का हो?” मी म्हटले, “तो शिकारीलासुद्धा गेला असता.” ती हसली. सफाळ्याला उतरल्यावर औषधांच्या दुकानातून तिने रक्तदाब मोजायचे यंत्र घेतले, माझ्या पैशाने. एस.टी.च्या थांब्यावर बाकावर बसून तिथेच दंडाला पट्टी बांधली आणि शाळेच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहिले: ११८ / ७६.